देवलाली कॅम्पातलं महायुद्धाच्या काळातलं हॉस्पिटल आणि तिथे राबलेली आपली माणसं

दारणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लेख लांबलाय, सवडीने वाचा. घरात जुनी माणसं असतील तर त्यांना वाचून दाखवा, कारण खरी माहिती त्यांच्याकडेच असणार.

पहिल्या महायुद्धात आपल्या देवलाली कॅम्पात गोऱ्या सैनिकांसाठी मोठं लष्करी हॉस्पिटल होतं. नाव ३४ वं वेल्श जनरल हॉस्पिटल. वेल्समध्ये किंवा ऑस्ट्रेलियात कुणाच्या पणजीची पत्रं निघतात, एखाद्या सैनिकाच्या मृत्यूची नोंद सापडते, आणि त्यात देवलालीचं नाव येतं. तिकडचे लोक ते जपतात, त्यावर लिहितात, आणि ते योग्यच आहे. त्याच वॉर्डांमध्ये भगूर, संसरी, लहवित, शिंगवे बहुला, बेलतगव्हाण अशा आसपासच्या गावांतली माणसं पाणी भरत होती, कपडे धूत होती, रोग्यांना उचलून नेत होती. त्यांची आठवण ठेवणं हे आपलं काम होतं आणि ते आपण केलेलं नाही. मला म्हणायचंय ते एवढंच. बाकीचा तपशील त्यासाठी.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: देवलाली गाव वेगळं, ते नाशिकरोडला चिकटून आहे. मी बोलतोय ते देवलाली कॅम्पाबद्दल, भगूरच्या शेजारचं.

कॅम्प इथे आला १८६० च्या दशकात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने कसारा-इगतपुरी घाट १८६५ च्या सुरुवातीला खुला केला आणि मुंबई बंदर इथून सुमारे १८० किलोमीटरच्या थेट रेल्वेमार्गावर आलं. घाटावरची कोरडी, गार हवा, जवळ दारणेचं पाणी, मोकळा माळ. बोटीतून उतरलेली गोरी पलटण मुंबईच्या दमट हवेत ठेवण्यापेक्षा इथे आणून मग पुढे पाठवायची आणि मायदेशी परतणाऱ्यांना बोट मिळेपर्यंत इथेच थांबवायचं, अशी ती व्यवस्था. सैन्य नेणाऱ्या बोटी साधारणपणे थंडीच्या हंगामातच सुटायच्या. हंगाम चुकला की शिपाई पुढचे कित्येक महिने इथेच पडून. या रखडलेल्या शिपायांवरून देवलालीचं नाव इंग्रजी भाषेत ('डूलॅली' म्हणजे वेड लागलेला) कसं गेलं ते सगळ्यांना पाठ आहे, तो विषय इथे नको.

आता हॉस्पिटल. त्याची मुळं बसऱ्यात, आजच्या इराकात आहेत.

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून गेलेलं सैन्य इराणच्या आखाताच्या टोकाशी, फाव इथे उतरलं. तुर्कांविरुद्धची ही मेसोपोटेमियाची (म्हणजे आजच्या इराकातली) मोहीम सुरुवातीला हिंदुस्थान सरकारनेच चालवली. माणसं, धान्य, खेचरं, औषधं, सगळं मुंबईहून जायचं. आपल्या मराठा पलटणी त्यात पुष्कळ होत्या. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही तिथे लढल्या. सैन्य नदीकाठाने बगदादच्या दिशेने पुढे गेलं आणि जखमींची व्यवस्था मागेच राहिली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना बिनस्प्रिंगच्या सामानाच्या गाड्यांत घालून नदीपर्यंत आणलं आणि मिळेल त्या बोटीत भरलं. मेजिदिए नावाची एक बोट १३ दिवसांनी बसऱ्याला पोचली. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर तेव्हा बसऱ्यात होते. त्यांना लांबून त्या बोटीच्या कडांवरून दोर लोंबताना दिसले. बोट जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. जखमी डेकवर एकमेकांना खेटून पडलेले, हलता येत नव्हतं, कुणाची पट्टी बदललेली नव्हती. कार्टर यांनी हे वर कळवलं तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली. पुढे चौकशीसाठी मेसोपोटेमिया कमिशन बसलं, १९१७ मध्ये अहवाल आला आणि त्यावरून भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

बोभाटा झाल्यावर चक्रं फिरली. हॉस्पिटल बोटी वाढल्या, मुंबईत एकामागून एक वॉर हॉस्पिटलं उघडली. बोटीवरून उतरलेले रोगी मुंबईतच ठेवले तर पुढच्या बोटीला जागा उरणार नाही. मग आगगाडीने वर, देवलालीला.

वेल्श हॉस्पिटल हे मुळात वेल्समधल्या लोकांनी वर्गणी काढून १९१४ मध्ये दक्षिण इंग्लंडात नेटलीला उभं केलेलं. १९१६ मध्ये तेच पथक डॉक्टर, सिस्टर, नोकरवर्ग यांच्यासकट देवलालीला आलं. प्रमुख होते कार्डिफचे सर्जन आल्फ्रेड विल्यम शीन. त्यांना बोअर युद्धातल्या हॉस्पिटलचा अनुभव होता. ऑस्ट्रेलियाहूनही ५०० वर परिचारिका त्या काळात हिंदुस्थानात आल्या, त्यांतल्या काही देवलालीला होत्या. कुठून कुठे आल्या त्या पोरी! सिस्टर एमी व्हेडा ओ'ग्रेडी ऑगस्ट १९१६ मध्ये मुंबईत कॉलऱ्याने गेल्या.

आणि इथे मला थांबायचंय. लष्करी भाषेत आपल्या माणसांना फॉलोअर म्हणत. भिस्ती, धोबी, स्वयंपाकी, सफाईवाले, डोली उचलणारे कहार. आमांशाच्या एका वॉर्डाचा विचार करा. रोगी दिवसातून वीस-वीस वेळा उठतोय किंवा उठूही शकत नाहीये. फ्लश नाही, टोपलीचे संडास. ते भांडं कुणी उचललं, कुणी नेऊन पुरलं, कुणी जंतुनाशकाने धुऊन परत आणलं? चादर कुणी उकळली? त्या चादरीसाठी लागणारं पाणी पखालीतून पाठीवर कुणी आणलं? सिस्टरने लिहिलेल्या पत्रात ती माणसं 'बॉय' किंवा 'बेअरर' एवढीच असतात.

तुमच्या घरात एखादा बिल्ला, पट्टा, दाखला, फोटो, निदान गोष्ट असेल तर इथे लिहा. गोष्ट अर्धवट असली तरी चालेल.

प्रतिसाद – भगूरचा

धागा पाहून आत्याला फोन लावला. आमच्या घरात सांगतात ते असं. पणजोबांचे थोरले भाऊ 'कॅम्पातल्या दवाखान्यात' कपड्यांच्या भट्टीवर होते. पहाटे जायचे. घरी आले की पणजी त्यांना ओट्यावर चढू द्यायची नाही. अंगणातल्या दगडावर अंघोळ, अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात, मग भाकरी. प्लेगात घरं सोडून माळावर झोपड्या टाकून राहिलेली माणसं ती. रोग घरात कसा शिरतो ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

आत्या म्हणाली, त्यांच्या दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत पांढरी पडलेली होती, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. कसल्या औषधाच्या पाण्यात चादरी बुचकळायला लागायच्या म्हणे. दवाखाना गोऱ्यांचा होता हेही घरात सगळे सांगतात. पगार किती, काम सुटलं कसं, हे कुणी विचारून ठेवलं नाही.

प्रतिसाद – रेल्वेवेडा

दारणाकाठ, 'आगगाडीने वर' हे तुम्ही दोन शब्दांत उरकलंत. माझ्या मते तो त्या रोग्यांच्या प्रवासातला फार कठीण तुकडा होता.

कसारा ते इगतपुरी घाटाचा चढ १ : ३७ आहे, म्हणजे दर ३७ फुटांना एक फूट वर. वाफेच्या काळात पुढच्या इंजिनाने एकट्याने गाडी ओढायची नाहीच, मदतीला जास्तीचं इंजिन जोडायचं. गाडी नीट ओळीत आली नाही की डब्यांना हिसके बसतात. मांडीचं हाड मोडून फळीला बांधलेल्या माणसाला एक हिसका काय वाटत असेल! त्यात बोगदे, खिडक्या बंद, धूर. बाहेर पावसाळा असेल तर गारठा, आणि आत हिवतापाने तापलेली माणसं. इगतपुरीला इंजिनाचं पाणी-कोळसा होऊन पुढे घोटी, पाडळी, अस्वली, लहवित आणि मग देवलाली. तिथून स्ट्रेचर, डोल्या, बैलगाड्या.

ज्यांचे आजे-पणजे जीआयपी रेल्वेत इगतपुरीला होते त्यांनी घरी जरूर विचारा. इगतपुरी हे रेल्वेचंच गाव. युद्धाच्या काळातल्या रोग्यांच्या गाड्या हलवणारे फायरमन, पॉइंट्समन आपल्याच जिल्ह्यातले.

प्रतिसाद – जुना_आर्मीडॉक्टर

लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालो आहे, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट रोगांची. मेसोपोटेमियात प्रत्यक्ष लढाईत मेलेले सुमारे ११ हजार, जखमांनी नंतर गेलेले चारेक हजार आणि आजाराने मेलेले १२ हजारांहून जास्त. यावरून देवलालीतल्या वॉर्डांत कसले रोगी असतील याचा अंदाज येतो. आमांश, हिवताप, विषमज्वर, उष्माघातातून वाचलेले, कावीळ. प्रतिजैविकं नव्हतीच. अमिबाच्या आमांशावर एमेटीनची इंजेक्शनं होती. कलकत्त्याच्या लिओनार्ड रॉजर्स यांनी ती १९१२ च्या सुमारास प्रचारात आणली होती, त्यामुळे हे औषध तेव्हा अगदी नवं. त्याने उलट्या होत, हृदयावर ताण येई, म्हणून रोग्याला अंथरुणातून उठू द्यायचं नाही. याचा अर्थ, भगूरचा यांनी लिहिलेल्या त्या चादरी आणि दारणाकाठ यांनी विचारलेलं ते भांडं. औषध सिस्टरच्या हातात होतं, पण रोगी अंथरुणात स्वच्छ राहिला नाही तर पाठीला जखमा होऊन मरतो. ती जबाबदारी कुणाच्या अंगावर होती हे कुठल्याही वॉर्डात काम केलेल्याला सांगावं लागत नाही.

कातडी पांढरी पडण्याबद्दल: त्या काळी कपडे कार्बोलिक किंवा क्रेसॉल या जंतुनाशकांच्या पाण्यात भिजत घालत. हातमोजे धोब्याला कोण देणार? वर्षानुवर्षं हात त्यात गेले की कातडीचा रंग कायमचा जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे हॉस्पिटल गोऱ्या सैनिकांसाठी होतं, हे आत्याबाईंनी बरोबर सांगितलं. आपल्या शिपायांसाठी हॉस्पिटलाची पद्धतच वेगळी होती. गोऱ्या सैन्याला १८८० च्या दशकातच स्टेशन हॉस्पिटलं मिळाली, म्हणजे छावणीचं एक मोठं, सुसज्ज हॉस्पिटल, पूर्णवेळ नोकरवर्ग, रोग्याचा वेगळा आहार. हिंदी पलटणींना मात्र १९१८ पर्यंत जुनी रेजिमेंटल पद्धत. प्रत्येक पलटणीचा आपापला छोटा दवाखाना. शिपाई आजारी पडला की स्वतःचं अंथरूण घेऊन यायचा, हॉस्पिटलचे कपडे नाहीत, जेवण त्याच्या जातभाईने शिजवून आणायचं. सुश्रूषेला पलटणीतलेच शिपाई, शिकवलेले नव्हेत. शांततेच्या काळात हे कसंबसं चाललं, बसऱ्यात कोसळलं. हिंदी सैन्यासाठी स्टेशन हॉस्पिटलं १९१८ च्या अखेरीस सुरू झाली. हॉस्पिटलातल्या नोकरवर्गाचं इंडियन हॉस्पिटल कोअर १९२० मध्ये निघालं, आणि डॉक्टर आणि नोकरवर्ग यांना एका छत्राखाली आणणारं इंडियन आर्मी मेडिकल कोअर तर ३ एप्रिल १९४३ ला, दुसऱ्या महायुद्धात. आमच्या सेवेचा वर्धापनदिन आजही ३ एप्रिललाच असतो.

मेसोपोटेमियातल्या कुत गावात तुर्कांनी आपल्या बाजूच्या सैन्याला घातलेल्या वेढ्यातला फरक बघा. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. गोऱ्यांना पांढऱ्या पिठाच्या पावामुळे बेरीबेरी झाला, आपल्या शिपायांना भाजीपाला-मांस न मिळाल्याने स्कर्व्ही. घोड्याचं मांस बऱ्याच जणांनी धर्मामुळे नाकारलं. हिरड्या सुजून दात हलायला लागले तरी खंदकात उभे. ११० वी मराठा आणि इतर पलटणी शेवटी कैदेत गेल्या.

प्रतिसाद – सह्यकडा

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. तरीही एक प्रश्न मनापासून विचारतो. हे हॉस्पिटल साम्राज्याचं होतं. आपल्या देशाला गुलाम ठेवणाऱ्या सैन्याला बरं करून परत लढायला पाठवणारं. आणि ते कुठे? भगूरच्या शेजारी! त्या गावात १८८३ साली सावरकर जन्मले, आणि हे हॉस्पिटल चालू असताना ते अंदमानात शिक्षा भोगत होते. नाशकात १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे फासावर जाऊन सहा-सात वर्षंच झाली होती. आपल्या मातीचा त्या काळचा इतिहास हा आहे. हॉस्पिटलाच्या आठवणी वेल्समधल्यांनी जपाव्यात, आपण का?

प्रतिसाद – दारणाकाठ

सह्यकडा, प्रश्न रास्त आहे आणि मीही तो स्वतःला विचारलेला आहे.

मला शीनसाहेबांचं स्मारक नकोय. भट्टीवर हात जाळून घेतलेल्या त्या माणसाचं नाव हवंय. तो साम्राज्यावर प्रेम होतं म्हणून पहाटे निघत नव्हता. तेव्हाची महागाई बघा, १९१८ चा पाऊस बघा, सगळ्या मुंबई इलाख्यात तो दगा देऊन गेला. घरात चार तोंडं असताना दीड-दोन कोसांवर रोख पगाराचं काम मिळत असेल तर माणूस जाणारच. त्याच गावातून एक जण अंदमानात गेला आणि एक जण गोऱ्यांच्या चादरी धुवायला. दोघंही भगूरचेच. पहिल्याचा वाडा आपण जपला, दुसऱ्याचं नावही विचारलं नाही.

शिवाय त्या काळी पुढाऱ्यांमध्येही हा पेच होताच. टिळकांनी लष्करभरतीला पाठिंबा दिला, पण स्वराज्याच्या मागणीशी जोडून. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी त्यांना बोलता बोलता अडवलं आणि ते सभा सोडून निघून गेले. सैन्यात जायचं की नाही यावर घरोघर वाद झाले असतील. त्या वादाची आठवण कुणाकडे असेल तर ती मला हॉस्पिटलाइतकीच मोलाची वाटेल.

प्रतिसाद – लासलगावकर

१९१८ चा विषय निघालाच आहे तर मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ विसरू नका. मुंबईत साथ जूनमध्ये आली, ती बंदरात, सैन्याच्या बोटी लागायच्या तिथूनच पसरली असं तेव्हाच्या आरोग्याधिकाऱ्यांचंही म्हणणं होतं. दुसरी लाट सप्टेंबरला. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. आणि रेल्वेलाइनवरची गावं, छावण्या यांना तर काही सुटकाच नव्हती. सगळ्या देशात मिळून सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे त्या युद्धातल्या हिंदी सैनिकांच्या मृत्यूंच्या कितीतरी पट.

माझी पणजी त्या साथीत गेली. आजी तेव्हा पाळण्यात. आमच्या घरात 'लढाईहून आलेला ताप' असंच म्हणायचे. सैन्य रोज ये-जा करतंय, रोगी उतरतायत, गावातली माणसं दिवसभर त्यांच्या उशाशी आणि संध्याकाळी परत गावात. देवलालीच्या आसपास त्या ऑक्टोबरात काय झालं असेल ते ग्रामपंचायतींच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्यांत सापडेल. तलाठ्याकडे, पंचायतीत ओळख असेल त्यांनी एकदा १९१८ ची वही उघडायला सांगा.

प्रतिसाद – शुभदा_नाशिकरोड

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण या धाग्यामुळे राहवलं नाही.

सासऱ्यांच्या ट्रंकेत एक गोल बिल्ला आहे. तांब्यासारखा, काळपट. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि १९१४, १९१८ असे आकडे. फितीचा एक तुकडा उरलाय, मध्ये नारिंगी रुंद पट्टा आणि कडेला पांढरं, काळं, निळं. सासरे म्हणायचे, 'हा आज्याचा, तो दर्यापार गेला होता.' घर मूळचं शिंगवे बहुल्याचं. हा कसला बिल्ला? काही किंमत असते का याला? विकायचा नाहीये, फक्त माहिती हवी.

प्रतिसाद – खडकीवाला

शुभदाताई, तो बिल्ला अजिबात घासू नका, चिंच-लिंबू लावू नका. ते ब्रिटिश वॉर मेडल आहे. सैनिकांना ते चांदीचं मिळायचं. तुमचं काशाचं आहे, म्हणजे बहुधा फॉलोअर किंवा मजूर तुकडीतल्या माणसाचं. साहेबाला आणि शिपायाला चांदी, पाणी वाहणाऱ्याला कासं.

आता महत्त्वाचं. बिल्ला आडवा धरा आणि त्याची कड बघा. रुपयाच्या नाण्याची कड बघतो तशी. नंबर, काम, नाव आणि तुकडी ठोकलेली असते, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. मेणबत्तीचा किंवा मोबाइलचा उजेड एका बाजूने तिरपा पाडा, अक्षरं उठून दिसतील. नाव नीट नसेल, गोऱ्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं. मोठ्याने वाचून बघा.

प्रतिसाद – शुभदा_नाशिकरोड

मुलाने भिंग लावून वाचलं. आकडा आहे, मग 'भिस्ती', मग नाव. नाव आमच्या घरातलंच आहे, फक्त शेवट तोडलाय. पुढे तीन अक्षरं, त्यांतलं मधलं झिजलंय. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी बिल्ला हातात घेतला आणि म्हणाल्या, 'एवढी वर्षं नाव इथेच होतं होय.' ते नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना विचारून मग.

दर्यापार म्हणजे बसराच असेल का?

प्रतिसाद – खडकीवाला

बसरा असण्याची शक्यता मोठी, कारण हिंदी फॉलोअर सगळ्यांत जास्त तिकडेच गेले. तुकडीचं नाव कळलं की नक्की सांगता येईल. झिजलेल्या अक्षरावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवा, कधी कधी उमटतं.

दारणाकाठ, तुमच्या मूळ मुद्द्याशी याचा थेट संबंध आहे म्हणून लिहितो. हे पदक मिळायला माणूस आपली भूमी सोडून गेलेला असावा लागे किंवा सरहद्दीवरच्या लढाईत असावा लागे. म्हणजे वेल्सहून देवलालीला आलेला वॉर्डबॉय पदकाला पात्र, कारण तो आपलं घर सोडून आला. ऑस्ट्रेलियाची सिस्टर पात्र. आणि त्याच वॉर्डात, त्याच दिवशी, त्याच रोग्याची चादर बदलणारा भगूरचा माणूस अपात्र, कारण तो स्वतःच्या गावी होता. शुभदाताईंच्या घरचे दर्यापार गेले म्हणून काशावर का होईना नाव उरलं. जे इथेच राबले त्यांचं नाव कुठल्याच कडेवर नाही. त्यामुळे पेट्यांमध्ये पदक शोधून तुम्हाला देवलालीतली माणसं फारशी सापडणार नाहीत. दाखले, पगाराच्या चिठ्ठ्या, आणि घरात सांगितलेल्या गोष्टी, यांवरच भर द्यावा लागेल.

मेलेल्यांचंही असंच. देवलालीत वारलेले गोरे सैनिक तिथल्या सरकारी दफनभूमीत पुरले गेले आणि त्यांची नावं आमच्या पुण्याजवळच्या खडकीच्या स्मारकावर कोरली आहेत. देशभरच्या छावण्यांत पुरलेल्या १८०० हून जास्त जणांची नावं तिथे आहेत. मी अधूनमधून जातो, फार नीट राखलेली जागा आहे. आणि बसऱ्याच्या स्मारकावर? ४० हजारांवर माणसांचं ते स्मारक. गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपाई आणि फॉलोअर यांच्या पलटणीखाली फक्त आकडा. ११० वी मराठा, आणि इतके जण. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये हा भेदभाव झाल्याचं आपल्या अहवालात लेखी मान्य केलं.

प्रतिसाद – सह्यकडा

खडकीवाला, पदकाचा हा नियम वाचून सुन्न झालो. 'आपण का जपायचं' याचं उत्तर मला मिळालं. नाशिकमधल्या शाळांत ओळखी आहेत, नववीच्या मुलांना सुट्टीत घरोघर विचारायचा प्रकल्प देता येईल. प्रश्नावली कुणी करून देईल का?

प्रतिसाद – पंचवटीकर

दुसऱ्या महायुद्धात इथे काय होतं? आजोबा 'जर्मन लोक कॅम्पात ठेवले होते' म्हणायचे, ते खरं का?

प्रतिसाद – जुना_आर्मीडॉक्टर

खरं आहे. युद्धाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात असलेल्या जर्मन नागरिकांना पकडून आधी अहमदनगरला, मग काही काळ देवलालीला आणि नंतर डेहराडूनला ठेवलं होतं. पुढे देवलाली पुन्हा जाण्या-येण्याच्या सैन्याचा प्रचंड तळ झाला आणि तोफखान्याची शाळा इथे रुजली. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे पहिल्या युद्धावरच राहू.

सह्यकडा, प्रश्नावली मी करतो. मुलांना 'तुमचे पूर्वज सैन्यात होते का' असं विचारायला सांगू नका, सगळे नाही म्हणतील. 'कॅम्पात कामाला कोण होतं, काय काम करायचं, येताना काय आणायचं' असं विचारा. बिस्किटाचा डबा, कांबळं, तामचिनीचा मग अशा वस्तूंवरून माणसं बोलायला लागतात.

प्रतिसाद – दारणाकाठ

डॉक्टरकाका, खडकीवाला, सगळ्यांचे आभार. पंजाबात पहिल्या महायुद्धात सैन्यात गेलेल्या माणसांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. त्यांतली सव्वातीन लाखांच्या आसपास नावं आता संगणकावर आणली जातायत आणि तिथली नातवंडं आपला पणजोबा शोधतायत. आपल्याला असं आयतं रजिस्टर मिळणार नाही, आपणच ते करायचंय.

मी एक वही सुरू केली आहे. गाव, माणूस, काम, कुणी सांगितलं, वस्तू काय आहे, एवढेच रकाने. भगूरचा, तुमच्या पणजोबांच्या थोरल्या भावांचं नाव आत्यांना विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पहिली ओळ त्यांची. दफनभूमी छावणीच्या हद्दीत आहे, फोटो काढायला परवानगी लागते, तेव्हा कुणी परस्पर जाऊ नका. अर्ज मी करतो, ज्यांना यायचंय त्यांनी इथे कळवा.

प्रतिसाद – भगूरचा

नाव विचारलं, व्यनि केला आहे. आत्या आणखी एक सांगतेय. भट्टीवर त्यांच्या हाताखाली संसरीचे दोघे भाऊ होते आणि लहवितची एक विधवा बाई, कपडे शिवून सांधायला. बाईंचं नाव आत्याला आठवत नाही, पण त्यांची पणती सध्या नाशिकरोडला राहते म्हणे. या रविवारी आत्याला घेऊन जातो तिच्याकडे.